निळ्या हायड्रेंजियाची आणि दुकानाची व्यवस्था

मी, शेषराव नत्थुजी निमकर्डे, वय चौऱ्याहत्तर, धंदा फुलांचा, राहणार जुने शहर, अकोला, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाखाली न येता, पूर्ण शुद्धीवर राहून सांगत आहे आणि वकील कमलाकांत पाठक ते लिहून घेत आहेत. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. डोके गरम आहे, ते दाखल्यात लिहिलेले नाही.

१. राहते घर मी स्वकष्टाने बांधले आहे. माझ्या पश्चात पत्नी शकुन हिने ते हयातभर वापरावे, तिच्यानंतर ते मुलगा धर्मेंद्र याचे. बँकेतली ठेव सगळी शकुनची. तिच्या भावांनी त्यासाठी येण्याजाण्याचा त्रास घेऊ नये.

२. घराच्या मागच्या अंगाची अंधारी खोली आणि तिच्यातले सर्व सामान नात करिश्मा हिला देतो. ही धर्मेंद्रची मुलगी, सध्या तेल्हाऱ्याला सासरी. सामान म्हणजे दोऱ्या, कात्र्या, डबे आणि स्टीलचे पेले. पेल्यांवर शकुनने हक्क सांगू नये.

कारण लिहून ठेवतो. आयुष्यभर फुले विकली आणि रोज संध्याकाळी उरलेली उकिरड्यावर टाकली. एका लग्नाच्या सजावटीत हायड्रेंजिया आले होते, लहान लहान पाकळ्यांचे निळे गेंद. दुसऱ्या दिवशी ते कचऱ्याच्या ट्रॉलीत पडलेले पाहून मी दोन उचलून आणले, पेल्यात थोडे पाणी घालून ठेवले आणि विसरलो. पाणी आटले, पण फूल मान न टाकता उभ्या उभ्या वाळले आणि निळेच राहिले. तेव्हापासून मला हा नाद. उन्हात वाळवले, रंग उडाला. टिनाच्या छपराखाली टांगले, विडीसारखे तपकिरी झाले. पावसाळ्यात बुरशी आली. शेवटी पावसाळा सरल्यावर अंधारी खोली आणि तळाशी बोटभर पाणी, एवढे जमले. फुले चिखलदऱ्याच्या एका बंगल्याचा माळी धर्मपाल एसटीने पाठवायचा. शकुन म्हणायची, "पाहुन्याले पानी द्यायले घरात पेला नाही, अन् तुमी फुलायले पाजून राहिले!"

आणि इतके करून जो येई तो बोटाने पाकळी दाबून विचारी, "प्लास्टिकचं हाय का?" दाबली की तिचा भुगा. किती जणांना सांगावे?

३. आता धर्मेंद्रबद्दल. वकीलसाहेब म्हणतात, हा मजकूर मृत्युपत्रात बसत नाही. बसवा.

धर्मेंद्र माझ्याच दुकानात बसून सजावटीची कामे घेतो आणि प्लास्टिकची फुले लावतो. हायड्रेंजियासुद्धा प्लास्टिकचे. मी बोललो तर म्हणतो, "बाबा, लोकायले फोटो पायजे. फुलाले हात कोन लावते? अन् हे धुतलं की नवं." यंदा मे महिन्यात करिश्माचे लग्न झाले. पोरगी बापासमोर म्हणाली, "मले प्लास्टिकसमोर बसायचं नाही. आबाची फुलं लावा." मागच्या हंगामापासून वाळवलेले सगळे गेंद मी लॉनवर नेले आणि दुपारपासून शिडीवर चढून स्टेजच्या मागे एकेक बांधला. धर्मेंद्रला बजावले, कूलरचे तोंड इकडे करू नको, वाळलेले फूल ओल शोषते. तो "नाही करत" म्हणाला.

काम संपवून मी स्टेजच्या पडद्याच्या बाजूला खुर्चीत टेकलो आणि डोळा लागला. जाग आली तेव्हा मोठा कूलर थेट स्टेजकडे वळवलेला होता आणि माझी फुले भिजल्या कागदासारखी लोंबत होती. वऱ्हाड दारात आलेले. धर्मेंद्रची माणसे ती ओरबाडून काढत होती आणि पोत्यांतून प्लास्टिक लावत होती. मी भर मांडवात सांगितले की दुकान पुतण्या गोवर्धनच्या नावे करीन. त्यानंतर मुलाशी बोलणे बंद केले. त्याने वाढलेले ताटही मी घेतले नाही.

गेल्या आठवड्यात गोवर्धनच्या नावे कागद करायला निघालो, तर शकुन दारात आडवी उभी राहिली.

"झोप नोती लागली तुमाले. उन्हानं बेशुद्ध पडले होते. मीच धर्मूले म्हनलं, कूलर इकडं फिरव. त्यानं फुलाकडं पायलं, तुमच्याकडं पायलं, अन् फिरवला."

"मंग मले कोनं काहून नाही सांगितलं?"

"तोच म्हनला, पोरीचं लग्न हाय, बाबाले आता काही सांगू नका. अन् मंग तुमी बोलतच नोते."

म्हणजे फुले गेली, हंगाम गेला, करिश्मा प्लास्टिकसमोरच बसली, आणि मला नीट राग काढायलासुद्धा कोणी उरले नाही. वळवायचाच होता तर आधी दोन गेंद तरी सोडवून घ्यायचे होते, असे मी शकुनला म्हणालो. ती म्हणाली, "तेवढा वेळ नोता." मग मी पायताण काढून आत गेलो.

४. सबब, फुलबाजारातले दुकान, गाळा, फळ्या आणि नावाच्या पाटीसह मुलगा धर्मेंद्र याला देतो. गोवर्धनला मी उगाच आशा लावली, म्हणून दुकानाचा हातगाडा त्याला द्यावा. गाडा चांगला आहे, फक्त डावीकडे ओढतो.

५. या दुकानात प्लास्टिकचे फूल विकू नये. वकीलसाहेब म्हणतात, असली अट कोर्टात टिकणार नाही. नसेल टिकत. धर्मेंद्रला ती मोठ्याने वाचून दाखवावी.

६. राहता राहिले मोरीजवळचे झाड. अकोल्याच्या उन्हात हायड्रेंजिया जगत नाही, माझी सगळी रोपे मेली. यंदाचे एक मी रागाच्या भरात बघितलेही नाही, आणि त्याला कळी आली आहे. त्याला कोण पाणी घालत होते हे मी विचारले नाही. शकुनने सकाळी आपणहून सांगितले, "धर्मू."

फूल उमलले तर कापायची घाई करू नये. पाकळी कोरड्या कागदासारखी हाताला लागेपर्यंत ते झाडावरच राहू द्यावे. मी असलो तर जवळ उभा राहीन आणि चुका काढीन. नसलो तरी ते फूल धर्मेंद्रनेच कापावे.

याआधी मी तोंडी जे काही बोललो, मांडवात बोललो तेही, ते सर्व रद्द समजावे. वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे आहे आणि खालील दोघांच्या डोळ्यांदेखत मी सही करीत आहे.

शेषराव नत्थुजी निमकर्डे (सही)

साक्षीदार, ज्यांनी एकमेकांसमोर सह्या केल्या:
१. खुशालराव बळीराम तायडे, शेजारचे हारवाले (सही)
२. कमलाकांत विष्णू पाठक, वकील (सही)

ठिकाण: अकोला
दिनांक: १८ सप्टेंबर २०२५