जूनमधले ट्राउट

११ जून, सकाळ
मासे आले! आमचा मासेमारीचा क्लब दर एप्रिलमध्ये हॅचरीत पैदास केलेले रेनबो ट्राउट मासे ओढ्यात सोडतो. जूनमध्ये कोणी सोडत नाही. मी सोडले. एप्रिलमध्ये माझा थोरला भाऊ लाइल हॉस्पिटलात होता, त्याचा मोसम हुकला. डॉक्टर म्हणतात, तो हा उन्हाळा काढणार नाही. डॉक्टरांना काय, घाबरवायची सवयच असते. एक ट्राउट गळाला लागला की लाइल खडखडीत बरा. बादल्या मी एकट्याने वाहिल्या. कंबर गेली. रविवारी त्याला खुर्चीसकट ओढ्यावर नेणार.

१३ जून
मासे मेले. सगळे. बंधाऱ्यापाशी पोटं वर करून तरंगतायत. लाइलला सांगितलं नाही. नेडीन वहिनीला फोन केला, रविवार रद्द. ती म्हणाली, मासे गेले खड्ड्यात, तो सारखा तुझी वाट बघतोय, नुसता येऊन बस की जरा. म्हटलं, आधी गुन्हेगार सापडू दे.

१५ जून
सापडला. शेजारचा वेन हॉस्टेटर. ओढ्याच्या वरच्या अंगाला त्याच्या गाई. शेण! जाऊन चांगलं सुनावलं. तो म्हणाला, अरे शहाण्या, माझ्या आजोबांच्या गाईसुद्धा याच ओढ्यावर पाणी प्यायच्या. आणि ओढ्यातले मूळचे मासे मजेत पोहतायत, ते दिसत नाहीत होय तुला? मी म्हटलं, ते मासे निर्लज्ज आहेत. तो गाई हाकायला निघून गेला.
संध्याकाळी लाइलकडे जाणार होतो. पण पुराव्यासाठी पाण्याचे नमुने बाटल्यांत भरायचे राहिले होते. उद्या नक्की.

१८ जून
निश्चय: रोज लाइलपाशी अर्धा तास बसायचं. आजपासून. म्हणजे उद्यापासून, कारण आज मत्स्यखात्याच्या कोव्हालिक बाई आल्या. त्यांनी ओढ्यात थर्मामीटर बुडवला. म्हणाल्या, अहो, हे पाणी आंघोळीचं आहे! ट्राउट थंड पाण्यातले, मुळात इथले नव्हेतच. एप्रिलमध्ये सोडले की ऊन चढायच्या आत लोक पकडून तळून खातात, म्हणून कोणाला कळत नाही. जूनमध्ये हा शहाणपणा केला कोणी?
म्हटलं, चौकशी चालू आहे.
बाई तरुण आहेत. अनुभव कमी. संशय वेनवरच.

१९ जून
लाइलचा स्वतःचा फोन. आवाज फार बारीक. म्हणाला, मासे मेले ना? वेनने सांगितलं. अरे गाढवा, मला ट्राउट नकोयत, तू ये. मी म्हटलं, उद्या बाटल्या लॅबला पोचवतो आणि पुराव्यासकट तडक येतो. त्याने फोन ठेवला.

२० जून
लॅब फार लांब. वाटेत वहिनीचे फोन आले. उचलले नाहीत. गाडी चालवताना फोन घेऊ नये.

२३ जून
परवा पहाटे लाइल गेला. आज पुरलं.
दफनानंतर वेन जवळ आला. मला वाटलं, आता हा माझी कॉलर धरणार. त्याने खांद्यावर हात ठेवला. म्हणाला, तू लॅबला गेलास त्या दुपारी मी लाइलला पिकअपमध्ये घालून ओढ्यावर नेलं होतं. त्याला एक मूळचा मासा लागला, बोटाएवढा. पोट धरून हसला. मग दोनदा तुझं विचारलंन, कुठाय तो? मी सांगितलं, तुझ्याच कामाला गेलाय.
वेन भला माणूस. मी लाइलच्या कामाला गेलो नव्हतो. त्याचं ते वाळलेलं तोंड मला बघवत नव्हतं.