टिकाऊ वस्तू द्याव्यात, ही विनंती

४ जानेवारी
आजपासून रोजनिशी. कुणी वाचावी म्हणून नाही, आपली आपल्यासाठी. अक्षर मात्र नीट काढतोय, काही सांगता येत नाही.

कामाचा ताण फार. आमच्या मदत मंडळाचा मी सध्या हंगामी अध्यक्ष. ‘हंगामी’ हा शब्द मला आवडत नाही, बाजारात फळं आल्यासारखं वाटतं. खरा अध्यक्ष माझा थोरला भाऊ. मंडळ दादानेच काढलं, हॉलही त्यानेच उभा केला. गेल्या वर्षी त्याला झटका आला, डावी बाजू गेली, तेव्हापासून तो चाकाच्या खुर्चीत. हॉल त्याच्या घराच्या पलीकडच्याच गल्लीत आहे, पण दारात तीन उंच पायऱ्या. त्यामुळे वर्षभर दादा हॉलमध्ये आलेला नाही. मला हे बघवत नाही.

संकल्प: हॉलला रॅम्प करायचा. पंधरा मार्चला मंडळाचा वर्धापनदिन. त्या दिवशी दादा खुर्चीसकट थेट आत. मागून ढकलणारा मी. समोर फोटोग्राफर.

वहिनीला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, रॅम्पचं होईल तेव्हा होईल भाऊजी, तुम्ही एकदा घरी तर या, हे सारखे विचारतात. म्हटलं, आता येईन तो दादाला न्यायलाच. त्यावर तिने फोन ठेवला. भारावली असणार.

९ जानेवारी
सभा. हजर: मी, खजिनदारबाई आणि हॉलसमोरचा टेलर. खजिनदारबाई निवृत्त शिक्षिका आहेत आणि अजूनही समोरच्याला तिसरीत बसवूनच बोलतात. बाकी मेंबर कामात. सगळ्यांना नेमकी सभेच्या दिवशीच कामं निघतात.

बाईंचं म्हणणं, दारोदार जाऊन मदत मागू, दादा तसंच करायचे. मी म्हटलं, जमाना बदलला. (माझे गुडघेही बदललेत, पण ते सभेत बोललो नाही.) माझी योजना: लोकांकडून चांगल्या वस्तू मागवायच्या, त्यांचा सेल लावायचा, त्यातून रॅम्प. कुणाला पाकिटात हात घालायला लागत नाही. टेलर म्हणाला, आयडिया बरी आहे. टेलर सगळ्यालाच बरी म्हणतो. ठराव एकमताने पास.

११ जानेवारी
बॅनरचा मजकूर मी स्वतः लिहिला. थोडक्यात आणि जोरदार: ‘घरातील टिकाऊ वस्तू द्या. आपल्या मंडळाला हातभार लावा.’ खाली माझा फोटो.

प्रेसवाल्याने प्रूफ बघून सही करायला सांगितली. चष्मा घरी राहिला होता. पण स्वतःचा मजकूर वाचायला कुणाला चष्मा लागतो? फोटो बघितला. चांगला आलाय. सही केली.

१३ जानेवारी
सकाळी चौकात बॅनर लागला. दुपारपासून हॉलसमोर लोकांची रीघ. एका गृहस्थाने तर डोक्यावरून गादी आणली. उभ्या आयुष्यात या गल्लीने असा उत्साह दाखवला नव्हता. मला भरून आलं. दमून घरी आलो आणि न जेवता झोपलो. समाजसेवेत माणसाची अशी झीज होते.

१४ जानेवारी
वस्तू तपासल्या. तीन पायांचं टेबल. बूड गेलेल्या बादल्या. एक टीव्ही, त्यातून फक्त आवाज येतो. मिक्सर, त्यातून आवाजही येत नाही. गादीतून स्प्रिंगा वर आलेल्या. बुटांचा एक अख्खा ढीग, त्यात जोडी एकही नाही.

लोकांची दानतच गेली आहे, असं मी म्हणालो. खजिनदारबाईंनी माझं मनगट धरलं, मला चौकात नेलं आणि बॅनरखाली उभं करून मोठ्याने वाचायला सांगितलं. मी वाचलं. ‘घरातील टाकाऊ वस्तू द्या.’

एका वेलांटीच्या जागी काना. बास, एवढंच. येणारे जाणारे थांबून ऐकत होते. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

प्रेसवाल्याला फैलावर घेतलं. तो म्हणाला, साहेब, प्रूफवर सही तुमची आहे. मी त्याला स्पष्ट सुनावलं की सही मी फोटोखाली केली होती, मजकुराशी माझा संबंध नव्हता.

२० जानेवारी
नवीन बॅनर परवडणार नाही, म्हणून टेलरला शिडीवर चढवून रंगाने वेलांटी काढून घेतली. काना पुसायचं मी सांगायला विसरलो आणि त्याने पुसला नाही. आता तिथे ‘टिाकाऊ’ असं काहीतरी झालंय. लोक थांबून बघतात, जीभ वळवून बघतात, आणि मग घरी जाऊन मोडकी खुर्ची आणून टाकतात.

हॉलमध्ये आता पाय ठेवायला जागा नाही. बायकांचा शिवणवर्ग आणि म्हाताऱ्यांचं रक्तदाब तपासणं, दोन्ही बंद पडणार म्हणून मी खजिनदारबाईंना धीर द्यायला गेलो. त्या म्हणाल्या, काळजी नको, दुसरीकडे हलवलंय. कुठे ते विचारायचं राहिलं. बारीकसारीक गोष्टींत अध्यक्षाने लक्ष घालू नये.

२७ जानेवारी
सेल. सकाळपासून टेबलामागे बसलो, टेबल तीन पायांचं असल्यामुळे चौथ्या पायाच्या जागी माझा गुडघा. गिऱ्हाईक एकच. एका आजींनी ढिगात आपली आरामखुर्ची ओळखली. नवऱ्याने न विचारता दिली होती. त्या ती परत घेऊन गेल्या, वर मलाच चार शब्द ऐकवून. मी चहाला गेलो तेवढ्यात कुणीतरी एक कपाट आणून ठेवलं.

म्हणजे विक्री शून्य आणि माल वाढला. तरी लोकांशी संपर्क वाढला हेही कमी नाही.

ही म्हणाली, आता पुरे करा हा उपद्व्याप. मी तिला समजावलं की हे दादासाठी आहे. ती म्हणाली, मग दादांकडे जा की. बायकांना मुद्दा समजत नाही.

६ फेब्रुवारी
चांगली बातमी. कोपऱ्यावरचा दिवा कित्येक महिने बंद होता, तो आज लागला. मंडळाच्या दबावाचा परिणाम. मी त्या खांबाकडे बरेच दिवस येता जाता रोखून बघत होतो, कुणाच्या तरी लक्षात आलंच असणार. टेलर म्हणाला, कुणीतरी म्हणे रोज विजेच्या ऑफिसात फोन करून अधिकाऱ्याला भंडावून सोडत होतं. असतात काही रिकामटेकडी माणसं. श्रेय मात्र मंडळाचं, म्हणजे माझंच.

संध्याकाळी वहिनीचा फोन. पुन्हा तेच, कधी येताय. म्हटलं, श्वास घ्यायला वेळ नाही. ती म्हणाली, बरं.

खरं म्हणजे वेळेचा प्रश्न वेगळा आहे. दादाला आता एकेक शब्द जुळवायला वेळ लागतो. ज्याने मला सायकल शिकवताना अख्खी गल्ली दणाणून सोडली होती, तो आता ‘पाणी’ म्हणायला धडपडतो, आणि मी आपला चपलेच्या अंगठ्याकडे बघत बसतो. मला ते नाही जमत. त्यापेक्षा रॅम्प. रॅम्प दिसतो, फोटो निघतो, माणूस बोलत नसला तरी चालतं.

हे जरा जास्तच लिहिलं गेलं. थकल्यामुळे.

१६ फेब्रुवारी
शेवटी भंगारवाल्यापुढे हात टेकले. त्याने सगळं नेलं, गाद्या सोडून. वर मला सहानुभूतीने पाणी पाजलं. जे मिळालं त्यात माझी थोडी पदरमोड घालून गवंडी ठरवला.

रॅम्प लांबच्या लांब करायचा म्हटलं तर तो रस्त्यावर येतो आणि टेलरच्या दुकानाची वाट अडते. आयुष्यात पहिल्यांदाच टेलर एखाद्या गोष्टीला बरी म्हणाला नाही. भांडला. मी मध्यम मार्ग काढला. रॅम्प निम्मा. उंची तीच, लांबी निम्मी. बाई म्हणाल्या, चढ फार होईल. मी म्हटलं, चढ असला की माणूस जोर लावतो. हे वाक्य भाषणात घ्यायला हवं.

२ मार्च
रॅम्प झाला! लांबून फारच छान दिसतो. खजिनदारबाई बघायला आल्या, बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, घसरगुंडी. मला वाटलं चेष्टा करतात, पण दुपारी गल्लीतली पोरं खरोखरच ओळीने घसरत होती. म्हणजे उद्घाटनाआधीच लोकोपयोग सुरू झाला.

भाषण लिहायला घेतलं. ‘आज माझे ज्येष्ठ बंधू’ इथपर्यंत छान झालं. पुढे सुचलं नाही.

१० मार्च
रॅम्पची चाचणी. दवाखान्यातून खुर्ची मागून आणली. मी बसलो, टेलर मागून ढकलत होता. टेलर म्हणजे काडीपैलवान. निम्म्यापर्यंत चढलो, तिथे तो म्हणाला, साहेब, आता काही खरं नाही. पुढचं फार भराभर झालं. मी उलटा खाली आलो, रस्ता ओलांडला आणि सरळ त्याच्या दुकानात, कमरेचं माप द्यायला थांबलेल्या एका सभ्य गृहस्थांवर.

डावा घोटा मुरगळला. गृहस्थ बरे आहेत, पण शर्ट दुसरीकडे शिवणार म्हणाले. चाचणी अंशतः यशस्वी. खुर्ची उत्तम धावते.

ही घोट्याला पट्टी बांधता बांधता म्हणाली, दादांना आत नेण्याच्या नादात तुम्हीच वर जाल.

१२ मार्च
पलंगावर. इथून खिडकीचा जेवढा तुकडा दिसतो त्यात एक तार आणि समोरच्यांची गच्ची. मंडळाचं कुणी भेटायला आलं नाही. दारावर वाजलं की मान वळते, आणि तो दूधवाला असतो. दोन दिवसांत जीव विटला. दादा वर्षभर

घोटा दुखतोय. पुढे लिहवत नाही.

१५ मार्च, सकाळ
वर्धापनदिन. तयारी पक्की. रॅम्पचा प्रश्न सोडवला आहे: खुर्चीला दोर बांधून दोघांनी आतून ओढायची, टेलरने खालून टेकू द्यायचा, मी बाजूला उभा राहून सूचना करायच्या. सगळ्या मेंबरांना निरोप गेलेत, चार वाजता हॉलवर जमायचं, तिथून वाजतगाजत दादाकडे. इस्त्रीचा शर्ट. हातात काठी, पण ती फोटोत बरी दिसेल.

१५ मार्च, संध्याकाळ
चार वाजता हॉलवर कुणी नव्हतं. फोटोग्राफरही नाही. रॅम्पवर चढता येईना म्हणून पायरीवर बसून राहिलो. टेलरचं दुकान बंद. वर्धापनदिनाला अध्यक्ष एकटा. राग आला, मग तोही दमला. शेवटी उठलो, म्हटलं दादाला निदान तोंड दाखवून सांगावं की यंदा जमलं नाही.

दादाच्या दारातच आतला गलका ऐकू आला. सगळं मंडळ तिथे होतं. मेंबर, टेलर, शिवणवर्गाच्या बायका, रक्तदाबाचं यंत्र लावून बसलेल्या आजी. मधोमध खुर्चीत दादा. बाई म्हणाल्या, गेले कित्येक महिने आठवड्यातून दोनदा आम्ही इथेच असतो, इथे पायऱ्या नाहीत ना, आणि तुमचा हॉल भरल्यापासून शिवणवर्गही इथेच. तुम्हाला वहिनींनी किती वेळा बोलावलं. कोपऱ्यावरच्या दिव्याचे फोनही दादाचेच. त्याचं वाक्य संपेपर्यंत समोरच्याला फोन ठेवता येत नाही, म्हणून कामं होतात, असं टेलर म्हणाला आणि दादा उजव्या बाजूने हसला.

मग त्याने मला बघितलं. पट्टी बघितली, काठी बघितली. त्याला काहीतरी बोलायचं होतं. सगळे गप्प झाले. कुणी घाई केली नाही, कुणी शब्द पुरवला नाही, त्यांना सवय होती. माझी नजर चपलेकडे निघाली होती. ती मी वर धरून ठेवली. बऱ्याच वेळाने दादा म्हणाला, नवीन... मेंबर... का?

घर दणाणलं हसण्याने. मीही हसलो, आणि हसता हसता मला रडू यायला लागलं. घोटा दुखतोय, असं सांगितलं. दादाने त्याच्या चांगल्या हाताने शेजारची खुर्ची थोपटली. बसलो.

थोड्या वेळाने मी उठून हंगामी अध्यक्षपदाचा राजीनामा जाहीर केला. बाईंनी विचारलं, कसलं पद? मंडळात असं काही पद नाही म्हणे, कधी नव्हतंच. मला नवीन मेंबर म्हणून शिवणवर्गाच्या बायकांच्या सुया ओवायचं काम दिलंय. चष्मा आणायचा, अशी अट आहे.

मी निघताना दादा काही म्हणत होता. थांबलो. उद्या ये, एवढंच होतं.

लंगडतच घरी आलो. तरी लगेच घर आलं.