आवाज बंद करून पाह्यलेला भाग

संघदीप दादा,

तुहा फोन लागून नाही राह्यला, म्हणून ही चिठ्ठी टीव्हीवर चिकटवून चालली. बाबा घरात नाहीत. त्यायचा मोबाईल इथंच चार्जिंगले आहे. आईच्या चष्म्याची डबी उघडी पडली आहे, चष्मा नाही. शेजारचे उकंडरावकाका म्हणते, बाबा धरणाकडं जातांना दिसले. मी तिकडंच पळत चालली.

आई गेल्यापासून बाबा ते मेलेल्या लोकायच्या आत्म्यायची सिरियल पाह्यतात. आपण हसलो होतो ना त्यायले. म्हटलं, जिंदगीभर विहारात आत्मा नसते म्हणून सांगतलं, अन् आता हे काय पाहून राह्यले, लोकं काय म्हणतीन. तवापासून ते टीव्हीचा आवाज बंद करूनच पाह्यतात.

आज दुपारी लागलेल्या भागात मेलेली बायको नदीच्या पलीकडं उभी राहून हात हलवत होती. नवरा तिचा चष्मा घेऊन पाण्यात उतरला. बाबा टक लावून पाहत होते. मी मांगच्या अंगणात भांडे घासाले गेली, तेवढ्यात ते निंगून गेले.

तू आला की गाडी घेऊन सरळ धरणावर ये. दरवाज्यामागचा दोर आन. उकंडरावकाकाले संग घे, त्यायले पोहता येते.

हाच भाग काल मी मोबाईलवर पाह्यला होता, आवाजासकट. ते बायको हात हलवते, ते बोलावाले नाही, दादा. ते म्हणते, "मांगं फिरा. मले इथून सारं दिसते."

धम्मदीपा