पुलावर मारलेली हाक

९ मे, तुय होआ

पोचले एकदाची. उत्तरेतल्या नाम दिन्हपासून गाडीच्या लाकडी बाकावर बसून पाय सुजलेत, पण मन हलकं आहे. मिएन तिच्या तान्ह्या पिल्लूला कडेवर घेऊन स्टेशनवर उभी होती. लेकीने आधी तिच्या गेलेल्या बाबांचा उदबत्त्यांचा वाडगा माझ्या हातातून घेतला, मग मला मिठी मारली. लाल फडक्यात बांधलेला तो वाडगा मी सगळी वाट मांडीवर धरून आणला. समोर बसलेली बदकाची अंडी विकणारी बाई म्हणाली, मावशी, ह्या पाहुण्याचं तिकीट काढलंत का? मी म्हटलं, ह्यांनी जिवंतपणी कधी काढलं नाही, आता कुठे काढतील. ती इतकी हसली की मला एक अंडं फुकट दिलं.

गेलेल्या माणसाला नव्या घरी न्यायचं तर वाटेतल्या प्रत्येक पुलावर नावाने सांगावं लागतं, नाहीतर तो पाण्याशी अडतो. मी रात्रभर जागून सांगत आले. ह्यांचं नाव घेऊन, दोआन ख्वात, पूल आला, चला. खिडकीच्या जाळीतून गेलेल्यांसाठीची कागदी नाणी सोडत आले. क्वांग त्रीला मात्र भर दुपारी डोळा लागला. दचकून उठले तर गाडी पुलाच्या मधोमध. घाईत नाव राहिलंच. नुसतं ओरडले, चला, घरी चला, जेवायला चला. अंडीवाली म्हणाली, इतक्या मायेने बोलावलंत, मीच निघणार होते.

१० मे

वाडगा पूर्वजांच्या फळीवर मांडला, खिडकीशी. ह्यांना समुद्र बघायचा होता. विटांच्या भट्टीतून कधी सवड झाली नाही. वांग्याचं लोणचं आणि पाण्यातली पालेभाजी केली, ह्यांच्या आवडीची.

जावई बोटीवर गेलाय, महिनाअखेरीस येईल. शेजारी सातव्या आजी राहतात. इकडे माणसांना जन्माच्या क्रमाने हाक मारतात, नाव फारसं कोणी घेत नाही. आजींनी माझी भाजी चाखली आणि म्हणाल्या, उत्तरेकडे मीठ महाग आहे का गं? मला बरं वाटलं. कोणीतरी टोमणा मारल्याशिवाय घर घरासारखं लागत नाही.

१३ मे

उदबत्ती विझल्यावर फळीवरचा भात खाली घेतला. त्याला चवच नव्हती. ओला कागद चावावा तसा. मिएन म्हणाली, आई, रडून रडून तुझी जीभ गेली. मग तिने घास घेतला. मग मिरची चावली. आणखी एक चावली. मग ताट सरकवलं.

१५ मे

आता चुलीवरून उतरवलेल्या भातालाही चव नसते. पिल्लू दूध पीत नाही. तोंड लावतं, रडतं, सोडून देतं. मिएनने दूध वाटीत काढून पाहिलं. नुसतं पाणी.

सातव्या आजी उंबऱ्यापाशी आल्या आणि थबकल्या. विचारलं, पंगत कोणाची? मी म्हटलं, पंगत कसली, हे एकटेच. त्या म्हणाल्या, एकटे? अगं, पायरीपर्यंत बसलेत. सगळी पोरं आहेत, मिसरूड न फुटलेली. अंगातून पाणी गळतंय.

मी पुलावर काय झालं ते सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, लढाईत त्या नदीने किती पोरं गिळली. त्यांच्या आयांना हाक कुठे मारायची तेही ठाऊक नाही. तू म्हणालीस, जेवायला चला. कोण नाही येणार?

मी ह्यांचं विचारलं. त्यांनी घरभर नजर फिरवली, पुन्हा एकदा फिरवली. म्हणाल्या, तुझा माणूस ह्यांत नाही.

१६ मे

म्हणजे हे तिथेच आहेत. बाजारात मी ह्यांना उभं करून गेले की परत येईपर्यंत हे पाय हलवायचे नाहीत, तसे. नावाने हाक येईल म्हणून वाट बघत बसले असतील.

आता मलाही ऐकू येतं. भर दुपारी, वाडग्याच्या कडेला जेवायच्या काड्या लागतात तसं. मी भात वाढते तेव्हा कोणीतरी हळूच आई म्हणतं. वाढू नये, हे कळतं. हात थांबत नाही.

पिल्लूच्या रडण्यात आवाज उरला नाही. आजी म्हणतात, ज्याने बोलावलं, त्यानेच परत पुलावर पोचवायचं.

१७ मे

वाडगा फळीवरून उतरवला. म्हटलं, चला. मिएन रडली, मी तिला येऊ दिलं नाही. गल्लीच्या टोकाशी पोचले तोच मागून तिचा आवाज आला. पितंय, आई, पितंय.

मागे वळले नाही. वळले असते तर ती पोरंही वळली असती सगळी.

गाडीचा डबा गच्च भरलाय. माझ्या बाकावर कोणी बसत नाही. बाक ओला आहे.

१८ मे, गाडीत

क्वांग त्री. सकाळ. पूल आला—

सांगितलं पोरांना, उतरा, पोचलात. उतरत नाहीत. माझ्या सदऱ्याचं टोक धरून बसलीत. सगळ्यात लहान आहे तो म्हणतो, आई, परत उपाशी?



हे दिसले. कठड्याशी, निळ्या सदऱ्यात. नाव घेतलं. दोआन ख्वात. वर बघितलं त्यांनी. हसले. किती वाळलेत. या म्हटलं, तर नाही म्हणून मान हलवली. खरंच, पोरांनी भरलेल्या ह्या बाकावर जागा कुठे आहे—

पोरांना घेऊन परत गेले तर तिकडे पिल्लू—

डब्याचं दार उघडं आहे. गाडी सावकाश चाललीय. मी पुढे झाले की उतरतील तीही. आईच्या मागून पोरं येतातच. हे हात पुढे करतायत, मी वही बाकावर ठेवते आणि—