चार दाढा आणि खिडकीजवळची जागा

मंगळवार पेठ, कोल्हापूर
बुधवार

तीर्थरूप आक्कास,

धाकट्या गुंडूचा साष्टांग नमस्कार. (गुडघा वाकत नसल्यामुळे आठांपैकी पाचच अंगं जमिनीला टेकली आहेत, उरलेली तीन मनाने टेकवली असं समज.) तुझी कंबर कशी आहे? वाडीत पुराचं पाणी कुठवर चढलंय? हे फोनवरही विचारता आलं असतं, पण फोनवर तू "बरं हाय" म्हणतेस आणि ठेवून देतेस, आणि मला जे सांगायचं आहे ते तेवढ्यात उरकणारं नाही. इकडे सगळी खुशाल आहेत. फक्त नात निशिगंधा आठ दिवस माझ्याशी बोलत नाही, त्याचं कारण पुढे येईलच.

आपल्या विश्वजितची ही पोरगी आता सतरा वर्षांची झाली. हसताना तोंडावर हात धरते, हे तू मागेच हेरलं होतंस. तिचे दात दाटीने आलेत. खालचे एकमेकांच्या पाठीवर चढलेले आणि वरचा एक सुळा तर दारात लोंबकळणाऱ्या पाशिंजरासारखा बाहेर. (एकतीस वर्षं एसटीत कंडक्टरकी केली, मला दुसरं काय दिसणार?) यावरून घरात आधी खटला चालला. आमच्या हिचं म्हणणं, जबडा सूनबाईच्या माहेरचा, चिमणीएवढा. सूनबाईचं, म्हणजे संयोगिताचं म्हणणं, दात आमच्या घराण्याचे, फावड्याएवढे. दातांच्या डॉक्टरांनी निकाल दिला की दोघींचंही बरोबर आहे, तेव्हापासून दोघीही गप्प आहेत. निशिगंधाची अट एकच, तारा लावणार नाही, ते नवीन पारदर्शक अलाइनरच पाहिजेत. म्हणजे दातांवर चढवायचा काचेसारखा साचा. दर पंधरवड्याला नवा येतो आणि दाताला केसाकेसाने ढकलत नेतो. दिसत नाही, पण दुखतो म्हणे.

तर त्या डॉक्टरांनी तिचं तोंड टीव्हीएवढ्या पडद्यावर दाखवलं. एवढाले दात पाहून मी उठूनच उभा राहिलो. ते म्हणाले, साचे लावू, पण आधी सुळ्यांच्या मागच्या चार लहान दाढा काढाव्या लागतील, दोन वरच्या आणि दोन खालच्या. मी विचारलं, किडल्यात का? नाही. हलतात? नाही, उत्तम आहेत. मग त्यांची चूक काय? डॉक्टर भला माणूस, शांतपणे म्हणाला, "चूक काहीच नाही आजोबा. घरात जागा नाही, म्हणून चौघांना जायला लागतंय." मी म्हटलं, तिकीट काढलेल्या पाशिंजराला असं मधेच उतरवता येत नाही, नियम आहे. संयोगिताने मला बाहेर बाकावर नेऊन बसवलं. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. हिला वाटलं पित्त झालं, तिने कोकम सरबत दिलं. ते प्यायलो, पण पित्त नव्हतं आक्का. मला सारखी तू आठवत होतीस.

पुढे लालासाब भेटला. (माझ्या गाडीचा ड्रायव्हर. तुला एकदा स्टँडवर चुकून वहिनी म्हणाला होता तोच.) त्याची मुलगी तहरीम दातांचीच डॉक्टर झाली आहे. तो म्हणाला, "आरं माज्या पोरीला दाव की. चार दात काय वाटंवर पडल्यात व्हय?" तिच्याकडे गेलो. तिने पुन्हा सगळं मोजलं आणि सांगितलं की जागा आठ-दहा मिलिमीटर कमी असती तर तिनेही दाढा काढल्याच असत्या, उगाच कोंबले तर दात पुढे येतात. पण इथे तिच्या मापाने साडेतीन-चारच कमी आहे. दोन दातांच्या मधून अगदी किंचित घासायचं, प्रत्येकाकडून कागदाच्या जाडीएवढं घ्यायचं, मग साच्यांनी एकेकाला सरकवायचं. "सगळ्यांनी थोडं थोडं अंग चोरलं की भागतंय काका, कुणाला घालवायला नगं." पोरगी सहज बोलून गेली. लालासाब खूश होऊन माझ्याकडे बघायला लागला, तर माझ्या डोळ्यांत पाणी. त्याला वाटलं नातीच्या दाढा वाचल्या म्हणून.

आक्का, एकतीस वर्षं मी परक्या माणसांना हेच सांगत आलो. पावणं, जरा सरका की, म्हातारीला टेकू द्या. तिघांच्या बाकावर चौथा बसवला, पाचवा बसवला. कुणालाही जागा नाही म्हणून खाली ठेवलं नाही. आणि आपल्या घरात आपण पाच भावंडं आणि आई-आबा, सात माणसं दोन खोल्यांत मावली नाहीत. आबांनी आत्याला एक मूल द्यायचं कबूल केलं आणि तू वाडीला गेलीस. नऊ वर्षांची होतीस, पाठीवर दप्तर, चौथीत पहिला नंबर. तुझी चूक काय होती?

आता जे लिहितो ते बसूनच वाच. आत्या त्या दिवशी न्यायला आली होती ती तुला नव्हे, मला. तिला मुलगा हवा होता आणि सगळ्यांत धाकटा मी. तिने माझा हात धरला आणि मी तिच्या अंगठ्याला असा चावलो की रक्त आलं. ती ओरडली, "ह्ये कुत्र्याचं पिल्लू नगं मला, ती गुणाची पोरगी द्या." तू तेव्हा नळावर होतीस. भरली कळशी घेऊन आलीस तर तुझं गाठोडं बांधून तयार. तू रडली नाहीस, कळशी जागेवर ठेवलीस आणि निघालीस. तुझी खिडकीजवळची झोपायची जागा मला मिळाली आणि मी खूश होतो. आत्याच्या अंगठ्यावरचा वण तू वर्षानुवर्षं पाहिला असशील. तो माझा आहे. (दात दुधाचे होते, लवकरच पडले. नंतरचेही सगळे गेले, आता कवळी आहे. पण चावलो होतो तो मीच.) वाडीच्या गाडीवर ड्यूटी असली की तू कवठाच्या बर्फीचा पुडा घेऊन यायचीस आणि मी घंटी मारायची घाई करायचो, ती वेळापत्रकासाठी नव्हती. तुझ्याकडे बघवायचं नाही.

मागल्या पुरात तू शाळेतल्या छावणीत अकरा दिवस सतरंजीवर काढलेस. न्यायला आलो तर म्हणालीस, "तुमच्यात आदीच गर्दी हाय, माजं मी बगती." मी परत आलो. परत यायला नको होतं. यंदा काय करायचं ते तुझं तू ठरव, माझा आग्रह नाही. वन्संना नमस्कार सांगा, असं ही सांगते आहे.

तुझा धाकटा,
गुंडू

ता. क. निशिगंधाच्या अबोल्याचं कारण. मी माझी कवळी धुतो तसा तिचा तहरीमने दिलेला नवा साचाही प्रेमाने कढत पाण्यात घातला. तो भाजलेल्या पापडासारखा वळला. आता दुसरा येईपर्यंत तिला जुनाच घालावा लागतोय.

ता. क. २. आग्रह नाही असं वर लिहिलं ते खोटं आहे. रविवारी सकाळी विश्वजित गाडी घेऊन येतोय. कपाट बाहेरच्या खोलीत गेलं, माझी ट्रंक कॉटखाली, हिचं शिलाई मशीन पडवीत. निशिगंधाने न बोलता अभ्यासाचं टेबल आडवं केलं. प्रत्येकाने वीतभर दिलं. खिडकीजवळची जागा रिकामी झाली आहे.

ता. क. ३. दात सरळ झाल्यावर साचा सुटतो का, म्हणून तहरीमला विचारलं. म्हणाली, नाही काका, नंतरही झोपताना घालायचा, कितीही वर्षं गेली तरी दात आपल्या जुन्या जागेकडे जायला बघतात. मी म्हटलं, सगळे बघत नाहीत, एक छप्पन्न वर्षं लांबच राहिलाय. तिला काही कळलं नाही. तू ये.