सोडलेली जागा

३ नोव्हेंबर

रत्नागिरी! निघताना आई म्हणत होती, तिकडे कसली गं कॉम्प्युटरची नोकरी. तिला खिडकीतून काढलेला फोटो पाठवलाय: माडांच्या शेंड्यांवर समुद्राची निळी पट्टी. पुण्याच्या कंपनीने आमची अख्खी टीम एका ईमेलवर घरी पाठवली, त्यानंतर इतकं मोकळं पहिल्यांदाच वाटलं.

ऑफिस माळनाक्याजवळ, दुसऱ्या मजल्यावर. मालक शौनक बिवलकर अजून स्वतः कोड लिहितात. एक्स-रेची फिरती गाडी गावोगाव जाते, लोट्याच्या रासायनिक कारखान्यांत जाते, कामगारांच्या छातीचे फोटो काढते. ते फोटो उजळ करून डॉक्टरांच्या पडद्यावर ठेवायचं काम आमच्या लायब्ररीचं, म्हणजे तयार कोडच्या संचाचं. सगळी सी भाषेत, शौनकसरांनीच लिहिलेली, जुनी पण देखणी. फोटो ठेवायला ती कॉम्प्युटरची मेमरी, म्हणजे जागा, ज्या तऱ्हेने मागते ते सुरक्षित करणं हे माझं काम.

चाचण्या बघणारी विमला गोताड माझ्याच वयाची आहे. तिने डब्यातली घावनं माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाली, भार्गवी, इथे जेवायला लाजायचं नाही. मी लाजले नाही.

६ नोव्हेंबर

दुखणं सापडलं. एक नाही, दोन.

फोटोसाठी जागा मागताना लायब्ररी रुंदी आणि उंचीचा गुणाकार करते. फोटो फारच मोठा असला तर तो आकडा मावत नाही, उलटा फिरून लहान होतो. मग जागा मिळते एवढीशी आणि फोटो शेजारच्या जागेत सांडतो. हे पहिलं. दुसरं जास्त वाईट. मिळालेली जागा कोणी पुसतच नाही. आधीचा फोटो तिच्यात तसाच पडलेला असतो. नवा पूर्ण आला तर तो झाकला जातो. पण गाडी हादरली, वायर सैल झाली, फोटो अर्धाच पोचला, तर उरलेल्या भागात आधीच्या माणसाची छाती दिसते.

विमलाला गमतीने म्हटलं, खानावळीत आधीच्या गिऱ्हाइकाचं उष्टं ताट आपल्यापुढे यावं तसं. ती हसली नाही. तिने विचारलं, आणि नवा फोटो मुळीच आला नाही तर? म्हटलं, तर आधीच्याचा अख्खा फोटो नव्या माणसाच्या नावावर जाईल, आणि लायब्ररी चूक झाल्याचं सांगणारसुद्धा नाही.

ती पाणी आणते म्हणून उठली. परत जागेवर आली नाही.

१० नोव्हेंबर

जागा मागायचं नवं फंक्शन लिहून झालं. गुणाकार आधी तपासतं, जागा नसेल तर स्पष्ट नाही म्हणतं, मिळालेली जागा शून्यांनी भरून देतं. शून्य म्हणजे काळं. मुद्दाम एकही फोटो न भरता नुसती जागा मागितली आणि पडद्यावर आणली. काळंकुट्ट दिसायला हवं होतं.

बरगड्या दिसल्या.

पुरुषाची छाती. डावीकडची खालची एक बरगडी कधीतरी मोडून वाकडी जुळलेली. उजव्या बाजूला वर पांढरा डाग, मुठीएवढा. वाटलं, जुनाच प्रोग्रॅम चालवला असेल. सगळं पुसून प्रोग्रॅम नव्याने बांधला. तीच छाती. शेवटी खोक्यातून नवा कोरा लॅपटॉप काढला. त्याच्यावर आजवर एकाही रुग्णाचा फोटो गेलेला नाही.

तीच छाती. भर दुपार, पंखा फिरतोय, खाली रिक्षावाल्यांचं भांडण चाललंय आणि मी तोच पडदा पुन्हा पुन्हा बघतेय.

१३ नोव्हेंबर

प्रत्येक वेळी पडद्यावर आलेलं मी साठवत होते. आज ते सगळे फोटो एकावर एक ठेवून भराभर फिरवले. फुफ्फुसांखालचा पडदा खाली जातो, वर येतो. खाली, वर.

श्वास घेतोय तो.

शौनकसरांना बोलावलं. त्यांनी वाकून बघितलं. मग लॅपटॉप अलगद मिटला आणि म्हणाले, सिग्नलमधला कचरा आहे. शून्यं भरायचं काढून टाक, त्याने गाडीवरचं काम मंदावतं. लोट्याला एका सकाळी अख्खी शिफ्ट उरकायची असते. मी म्हटलं, सर, या माणसाचा श्वास चाललाय. ते म्हणाले, पुण्यात तुम्हाला घरी का बसवलं ते आता कळतंय.

१७ नोव्हेंबर

विमलाने आज जिन्यात गाठून तो माणूस कोण ते सांगितलं. लांज्याकडचे परशुराम मांडवकर, लोट्याला शिफ्टवर होते. गेल्या वर्षीच्या तपासणीत छाती स्वच्छ निघाली. स्वच्छ म्हणून पुन्हा कामावर, त्याच वाफांत. पावसाळ्यात गेले. फुफ्फुस डागाने भरलेलं होतं. गाडीवर त्यांचा फोटो पोचलाच नव्हता. त्यांच्या नावावर गेली ती त्यांच्या आधी उभ्या असलेल्या तरण्या मुलाची छाती. शौनकसरांना ते तेव्हाच कळलं होतं. त्यांनी गाडीवरची नोंद पुसली आणि डॉक्टरांना काही कळवलं नाही.

विमला म्हणाली, पोरं आहेत मला, इथे दुसरी नोकरी कुठे?  मला तरी कुठे होती.

२० नोव्हेंबर

परशुरामांची बायको आली, सावित्री मांडवकर. अधूनमधून येते म्हणे, नवऱ्याचा फोटो मागायला. साहेब बाहेरगावी गेलेत असं तिला दर वेळी सांगायचं असा इथला हुकूम. आज साहेब खरोखरच बाहेर होते. मी तिला खुर्ची दिली आणि पडदा तिच्याकडे वळवला.

रडेल असं वाटलं होतं. तिने वाकड्या बरगडीवर बोट ठेवलं. "आंब्यावरनं पडले व्हते. ह्येच ते." मग नुसती बघत राहिली. छाती खाली, वर. "शेवटाला असाच दम लागायचा. मी म्हणायची, जरा सावकाश घ्या." तिने माझ्याकडे वळून विचारलं, "गो बाय, हे अजून सुटले न्हाईत?"

मी नकारार्थी मान हलवली.

"मग सोड ना त्यांना. तुज्या हातात हाय ना?"

माझ्या हातात होतं. जागा सोडायची एक ओळ असते, इतकीच. मी ती लिहिली, चालवली. पडदा काळा झाला. पुन्हा जागा मागितली. काळाच. सावित्रीबाईंनी स्क्रीनला हात जोडले, माझ्या गालावरून बोटं फिरवली आणि लांज्याची एसटी पकडायला निघून गेल्या.

किती दिवसांनी पोटभर जेवले.

२२ नोव्हेंबर

जिना चढताना धाप लागली. उजवीकडे वर काहीतरी टोचतंय.

असं लिहू नये, पण लिहिते. सोडलेली जागा पुसली जात नाही. ती फक्त मोकळी म्हणून धरली जाते, आणि त्यानंतर जो मागेल त्याला मिळते. त्या दिवशी सोडल्यावर लगेच जागा मागितली ती मीच.

२४ नोव्हेंबर

खोकला. विमलाने ओढतच गाडीवर नेलं, फोटो काढवला. रिपोर्ट आला: छाती स्वच्छ. फोटो बघितला. रुंद खांदे, माझ्या आधीच्या कुणा पुरुषाची छाती. माझ्या नावावर.

शौनकसरांनी माझं फंक्शन काढून जुनं परत घातलंय. वेगासाठी. वर नाव मात्र ठेवलंय — 'सुरक्षित आवृत्ती, लेखन: भार्गवी'. ऑफिसात पेढे वाटले.

डॉक्टर म्हणतात, स्वच्छ आहे, ताण घेऊ नका. इथल्या इस्पितळांतही आमचीच लायब्ररी, म्हणून फोटो काढायला मुंबईला जायचं होतं. स्टँडपर्यंतसुद्धा चालवलं नाही.

२६ नोव्हेंबर

जरा सावकाश घ्यायचा. सावकाश.

उशीला टेकून बसूनच — आडवं होता येत नाही.

शौनकसरांचा निरोप आला. तब्येत सांभाळ. चाव्या विमलाकडे दे.

२७ नोव्हेंबर

विमलाचा फोन. रडत होती. कोरा लॅपटॉप लावला, नुसती जागा मागितली — काळं नाही. छाती आहे. लहान, बाईची. उजवीकडे वर डाग.

म्हटलं, बघत राहा. मी श्वास रोखून धरला.

ती म्हणाली, थांबली.

सोडला. ती म्हणाली, हलली.

म्हटलं, विमला, सोडायची ओळ तुला माहीत आहे — चालव.  ती म्हणाली, आणि सोडल्यावर पुढे जो कोणी —

उद्या सकाळी गाडी लोट्याला. अख्खी शिफ्ट रांगेत.

तिला म्हटलं, मग नको सोडूस. राहू दे. मी आहे तशी —

ती म्हणाली, दारात सर आलेत, लॅपटॉप मागतायत, त्यांना ती ओळ चालवायची —

विमला, देऊ नको — त्यांना सांग — जरा साव