एक जोडी कमी

रविवार, संध्याकाळ

गेल्या रविवारी मुठा नदीकाठी कचरा उचलताना हातमोज्यांची एक जोडी कमी पडली. संघनायिका मृण्मयीने आपली जोडी संघातल्या सगळ्यात धाकट्या मुलीला दिली. वर्षभर, शिबिरात, गडावर पाणी वाटताना, मीच या गाइडच्या मुलींना शिकवलं की नायिकेने शेवटी घ्यायचं. मी तिला थांबवलं नाही. उलट सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या.

आज ती आयसीयूत आहे. काचेने कापलेला हात कोपरापर्यंत सुजलाय, जंतू रक्तात गेलेत. डॉक्टर काही सांगत नाहीत.

तिच्या आईने विचारलं, "बाई, हातमोजे सगळ्यांना होते ना?"

मी "हो" म्हणाले. का म्हणाले? एक जोडी...

मृण्मयी डोळे न उघडता पुटपुटली, "होते गं आई. मीच काढले. गरम होत होतं."

पुन्हा मी तिला थांबवलं नाही.